‘खचित’ आणि ‘आमेन’

निश्चय व्यक्त करण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. नक्की, खरोखर, अवश्य, निःसंशय असे कितीतरी शब्द आहेत. जुन्या मराठी बायबलमध्ये प्रभू येशूच्या वचनांच्या आरंभी ‘खचित’ हा शब्द योजलेला आढळतो. संस्कृतात ‘खचित’ म्हणजे जडवलेले. म्हणूनच आपण ‘रत्नखचित’ म्हणतो. कोंदणात पक्के बसलेले रत्न ढळत नाही. निवड सुंदर आहे. पण मूळ ग्रीक शुभवर्तमानात त्या जागी हिब्रू ‘आमेन’ हाच शब्द आहे.

‘आमेन’च्या धातूचा अर्थ स्थिर असणे, आधार देणे असा आहे. सत्यासाठीचा ‘एमेत’ आणि विश्वासूपणासाठीचा ‘एमुना’ हे हिब्रू शब्द त्याच कुळातले. अनुवाद ग्रंथाच्या 27व्या अध्यायात 12 शापवचने आहेत आणि प्रत्येकानंतर सर्व लोकांनी ‘आमेन’ म्हणावयाचे आहे. ऐकलेले वचन मला बांधील आहे, अशी ती जाहीर कबुली होय. ‘तथास्तु’ वर देणाऱ्याच्या मुखी शोभते. ‘आमेन’ म्हणणारा स्वतःला बांधून घेतो.

दुसऱ्याच्या बोलण्याला उत्तर म्हणून येणारा हा शब्द प्रभू येशूने स्वतःच्या वचनाच्या आरंभी ठेवला. संत योहानाच्या शुभवर्तमानात तो असा जोडीने 25 वेळा येतो.

प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी बहुधा ‘तसे होवो’ असा पर्याय वापरला. संत लूकने काही ठिकाणी ‘खरोखर’ हा शब्द घेतला. तरीही ख्रिस्तसभेने मूळ शब्द सोडला नाही. इ. स. 155 च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोमी सम्राटाला उद्देशून लिहिताना, उपासनेत लोक म्हणतात त्या ‘आमेन’चा अर्थ समजावून दिला. या शब्दाचे भाषांतर शक्य असूनही त्याच्या पावित्र्यामुळे तो तसाच राखला गेला, असे संत ऑगस्टीन यांनी नमूद केले आहे.

ख्रिस्तशरीर स्वीकारताना भाविकाने ‘आमेन’ म्हणण्याची रीत संत अँब्रोज यांच्या काळी, चौथ्या शतकात, रूढ होती. पुढे रोमन विधीत धर्मगुरूच प्रार्थनेसह ‘आमेन’ म्हणू लागले आणि भाविक मूक राहिला. 1964 साली ते उत्तर त्याला परत मिळाले. आज कम्युनियनच्या रांगेत आपण हा शब्द ओझरता उच्चारतो, तेव्हा खचित, खरोखर, निःसंशय हे सारे त्यात सामावलेले असते; आणि शिवाय आपला शब्दही दिलेला असतो.