खाऊच्या गोळ्या आणि युरोपांतील कायदे

१८५८ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड शहरीं, बाजाराच्या दिवशीं, विल्यम हार्डेकर नांवाच्या विक्रेत्यानें नेहमीप्रमाणें पेपरमिंटच्या वड्या विकल्या. दुसरा दिवस उजाडला तोंच शहरांत मुलें दगावूं लागलीं. प्रथम लोकांस पटकीची शंका आली. परंतु तपास करतां करतां सर्व धागे त्या वड्यांपाशीं येऊन मिळाले. सुमारें वीस माणसें मृत्यु पावलीं आणि दोनशेंच्यावर आजारी पडलीं.

हें घडलें कसें? त्या काळीं साखर महाग होती, आणि स्वस्त गोळ्या करणारे कारागीर तींत जिप्समसारखी पांढरी पूड मिसळीत. ही चाल इतकी रूढ होती कीं, त्या पुडीस धंद्यांत स्वतंत्र नांवच पडलें होतें. वड्या करणाऱ्या जोसेफ नील यानें ही पूड आणावयास माणूस पाठविला. औषधांचा दुकानदार आजारी होता. त्याच्या मदतनिसानें चुकीच्या पिंपांतून बारा पौंड भुकटी काढून दिली. ती सोमलाची होती. पुढें मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यांत आला, परंतु शिक्षा कोणासच झाली नाहीं. वडींत काय आहे हें जाणण्याची जबाबदारी नक्की कोणाची, हा प्रश्न तसाच राहिला.

इशारा मिळाला नव्हता असें मात्र नाहीं. फ्रीड्रिख आक्कुम या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८२० सालींच लंडनमध्यें अन्नांतील भेसळीवर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. १८५१ पासून डॉक्टर आर्थर हॅसल यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्राच्या साहाय्यानें बाजारांतील जिनसा तपासल्या, तेव्हां मुलांच्या खाऊंतील पिवळा रंग शिशाचा, तांबडा पाऱ्याचा आणि हिरवा तांबें व सोमल यांचा असल्याचें आढळून आलें. ब्रॅडफर्डच्या घटनेनंतर १८६० सालीं भेसळीविरुद्ध कायदा झाला. पण परीक्षक नेमणें न नेमणें स्थानिक अधिकाऱ्यांच्या मर्जीवर ठेवल्यामुळें तो दुबळा ठरला. विषांच्या विक्रीवर १८६८ सालीं बंधनें आलीं, आणि १८७५ च्या कायद्यानें खऱ्या अर्थानें पाया घातला.

जर्मनींतही हीच वाटचाल चालू होती. तेथें १८७९ सालीं अन्नपदार्थांचा कायदा झाला व १८८७ सालीं आरोग्यास अपायकारक रंगांवर स्वतंत्र कायद्यानें बंदी आली. अशा बंधनांच्या देशांत हान्स रीगल यानें १९२० सालीं बॉन शहरीं आपला गोळ्यांचा धंदा सुरू केला. स्वतःच्या व शहराच्या नांवांतील आद्याक्षरें जोडून त्यानें आपल्या धंद्यास ‘हारीबो’ हें नांव दिलें. १९२२ सालीं त्यानें नाचणाऱ्या अस्वलाच्या आकाराची मऊ, रंगीत गोळी तयार केली. आरंभीं तींत बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक असे. पुढें जिलेटीन आलें. आज जगभर विकल्या जाणाऱ्या जेलीच्या गोळ्यांचें मूळ त्या अस्वलांत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांतील सहा राष्ट्रांनीं एक बाजारपेठ करण्याचें ठरविलें, तेव्हां नवीच अडचण उभी राहिली. एका देशानें मान्य केलेला रंग शेजारी देश नाकारी. मग गोळी सीमा ओलांडणार कशी? म्हणून १९६२ सालीं खाद्य रंगांची सामायिक यादी करण्यांत आली. वेष्टनांवर ‘ई’ या अक्षरापुढें दिसणाऱ्या क्रमांकांचा उगम त्या यादींत आहे. यादींत नसलेला रंग वापरावयाचा नाहीं, हें त्यामागील तत्त्व होतें. अपाय सिद्ध झाल्यावर बंदी घालण्याऐवजीं, परवानगी आधीं आणि विक्री नंतर, असा हा क्रम होता.

पुढचा धक्का रंगाचा नव्हता. १९९६ सालीं ब्रिटनमधील गाईंच्या मेंदूच्या रोगामुळें तेथील गोमांसाच्या निर्यातीस बंदी झाली, आणि कांहीं काळ गाईपासून केलेलें जिलेटीनही तींत सांपडलें. जेलीच्या गोळीचा संबंध गोठ्यापर्यंत पोंचतो, हें तेव्हां सामान्य गिऱ्हाइकासही कळलें. या व अशा संकटांनंतर २००२ सालीं युरोपीय संघानें अन्नाचा मूलभूत कायदा केला. माल कोणाकडून घेतला व कोणास दिला, याची नोंद प्रत्येक व्यापाऱ्यानें ठेविली पाहिजे, असें त्यानें ठरविलें. परदेशांतून येणाऱ्या मालासही तेच नियम लागू झाले. पुढें २०११ च्या नियमानें, मूळ विक्रेता संघाबाहेरचा असल्यास आयात करणाऱ्याचें नांव व पत्ता वेष्टनावर घालणें आवश्यक केलें. वेष्टनावरील माहितीस तोच जबाबदार.

आयातीच्या बाबतींत या नियमांची कसोटी लवकरच लागली. आशियांतून येणाऱ्या लहान प्लास्टिकच्या पेल्यांतील जेलींत कोंजॅक नांवाच्या कंदाचें पीठ असे. तें विषारी नव्हतें. परंतु ती जेली तोंडांत विरघळत नसे, आणि एका दमांत गिळली असतां मुलांच्या घशांत अडकून श्वास कोंडे. मुलें दगावल्यावर २००३ सालीं जेलीच्या गोळ्यांत कोंजॅकला मनाई झाली, व २००४ सालीं अशा पेल्यांतील इतर घट्ट करणाऱ्या द्रव्यांवरही बंदी आली. घटक निर्दोष असले तरी आकारच घातक ठरूं शकतो, हा धडा त्यांतून मिळाला. २०१० पासून सहा कृत्रिम रंगांपैकीं एखादा वापरल्यास मुलांच्या चंचलतेविषयीं व लक्षाविषयीं इशारा छापणें भाग पडलें. आणि गोळ्यांस शुभ्रता देणारा टायटॅनियम डायऑक्साइड २०२२ सालीं अन्नांतून हद्दपार झाला.

लहान व्यापाऱ्यास हा पसारा जाचक वाटतो, आणि त्याची तक्रार अगदींच खोटी नाहीं. परीक्षणाचा व कागदपत्रांचा खर्च मोठ्या कारखान्यास जाणवत नाहीं, तो त्याला जाणवतो. परंतु ब्रॅडफर्डच्या साखळींत दुकानदार, मदतनीस, कारागीर व फेरीवाला असे चौघे होते, आणि त्यांपैकीं एकानेंही हातांतील भुकटी काय आहे हें विचारलें नाहीं. विचारण्याचें कोणावर बंधनही नव्हतें. आजच्या कायद्यानें तो प्रश्न चौघांसही विचारावयास लाविला आहे. कारण गोळी तोंडांत टाकणारें मूल तो विचारूं शकत नाहीं.