विद्यापीठांत बाळाचा प्रवेश

मका आणि डुकरें सुधारण्यासाठीं शास्त्र राबतें, मग मुलांसाठीं कां नको? अमेरिकेंतील आयोवा या शेतीप्रधान राज्यांत कोरा हिलिस या बाईंनीं हा प्रश्न लावून धरला. १९१७ सालीं तेथील विद्यापीठांत बालकल्याण-संशोधन-केंद्र निघालें.

बुद्धि जन्मतःच ठरते, असें तेव्हां बहुतेक पंडित मानीत. या केंद्राच्या हॅरल्ड स्कील्स यांनीं १९३९ सालीं निराळा पुरावा मांडला. अनाथालयांतील मंद ठरलेलीं १३ बालकें मतिमंद स्त्रियांच्या आश्रमांत ठेविलीं होतीं. त्या स्त्रियांनीं लळा लावला आणि तीं खुललीं. पंडितांस तें पटलें नाहीं. १९६६ च्या पाहणींत मात्र तीं सारीं स्वावलंबी आढळलीं; अनाथालयांतच राहिलेल्यांपैकीं कांहीं अद्याप संस्थांच्याच आश्रयाला होतीं.

श्रोतेहो, बाळाशीं घालविलेली घटका फुकट जात नाहीं, हें आपल्या आज्या जाणत होत्या. विद्यापीठानें तें मोजून दाखविलें.