अंगठ्याची साक्ष

जुन्या मराठी कागदपत्रांच्या शेवटी पाटलाच्या नावाशेजारी नांगराची निशाणी काढलेली आढळते. ती निशाणी त्याचीच की दुसऱ्या कोणी काढलेली, हे साक्षीदारांच्या तोंडून ठरे. पुढे नांगर गेला आणि ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द आले. अंगठा उठवणारा तो अडाणी, अशी आपली समजूत झाली आणि ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द थट्टेचा ठरला. पण ज्या खुणेला आपण हसलो, त्याच खुणेने गुन्ह्याच्या तपासाचे शास्त्र उभे केले. आणि ते लंडनच्या आधी आपल्या देशात, बंगाल्यात उभे राहिले. ही हकीकत सांगताना आम्हांला एकच प्रश्न धरून चालायचे आहे: हा अंगठा न्यायालयात नेमके काय सांगतो, आणि काय सांगत नाही?

1858 साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा एक तरुण मुलकी अधिकारी होता. रस्त्याच्या खडीचा मक्ता त्याने राज्यधर कोनाई या माणसाला दिला आणि करारावर सहीबरोबर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. उद्या हा माणूस सही नाकारील, तर त्याच्या मनात थोडी धास्ती असावी, एवढाच हेतू होता. पण हर्शेलला पुढे या ठशांचा छंदच जडला. हुगळीस मॅजिस्ट्रेट असताना, 1877 साली, त्याने पेन्शन घेणाऱ्यांचे, दस्त नोंदवणाऱ्यांचे आणि कैद्यांचे ठसे घेण्यास सुरुवात केली. मेलेल्या माणसाचे पेन्शन दुसऱ्याने उचलावे, किंवा एकाची शिक्षा दुसऱ्याने भाड्याने भोगावी, याला त्यामुळे आळा बसणार होता.

घटनास्थळी राहिलेल्या ठशावरून गुन्हेगार ओळखता येईल, ही कल्पना मात्र जपानात काम करणाऱ्या हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरने 1880 साली ‘नेचर’ नियतकालिकात मांडली. 1892 साली फ्रान्सिस गाल्टनने ग्रंथ लिहून दोन गोष्टींना बळकटी दिली: ठसा जन्मभर पालटत नाही, आणि एकाचा ठसा दुसऱ्याशी जुळत नाही.

इतके झाले तरी मोठी अडचण शिल्लकच होती. दप्तरात हजारो ठसे साठले, तर हवा तो काढायचा कसा? नाव पाहून शोधावे, तर चोर नाव बदलतो. म्हणून त्या काळी पोलिसांची भिस्त फ्रान्समधील बेर्तियोंच्या अंगमापनावर असे. डोके, हात, पाय मोजायचे आणि आकडे लिहून ठेवायचे. पण मोजणारा बदलला की माप बदलायचे.

या अडचणीतून वाट निघाली ती कलकत्त्यात. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन अधिकारी होते. हक गणितात पारंगत. बोटांवरची शंख-चक्रे पाहून वडीलधाऱ्यांनी भविष्य सांगितले नाही, असे घर आपल्याकडे विरळाच! या मंडळींनी त्याच चक्रांचे गणित मांडले. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीत चक्र आले तर 16, दुसऱ्या जोडीत 8, मग 4, 2 आणि 1 असे गुण द्यायचे. चक्र नसेल तर शून्य. जोडीतील एका बोटाचे गुण वर, दुसऱ्याचे खाली मांडून दोन्ही बेरजांत एकेक मिळवायचा. वर 1 ते 32 आणि खाली 1 ते 32, म्हणजे एकंदर 1,024 कप्पे. नाव ठाऊक नसो, गाव ठाऊक नसो. दहा बोटांचा कागद आपल्या कप्प्यात आपण होऊन जातो. 1897 साली सरकारने ही पद्धत मान्य केली आणि कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली. पद्धतीला नाव मिळाले हेन्रीचे. मात्र हक यांचा वाटा आपल्या हाताखालच्या सर्वांहून अधिक होता, अशी लेखी कबुली खुद्द हेन्री यांनी 1926 साली दिली.

पद्धत मान्य होते न होते, तोच तिची कसोटी लागली. 1897 च्या ऑगस्टमध्ये जलपाईगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याचा व्यवस्थापक आपल्या बिछान्यात गळा चिरलेल्या स्थितीत आढळला. तिजोरी व कागदपत्रांची पेटी फोडून रोकड नेलेली होती. संशय घ्यायला माणसांची वाण नव्हती. मळ्यातील मजूर होते. कपड्यावर रक्ताचे डाग असलेला स्वयंपाकी होता. जवळपास फिरणारी काबुल्यांची टोळी होती. गाजावाजा करून यांपैकी कोणालाही फासावर चढवणे त्या काळी अवघड नव्हते. पण पेटीतल्या कागदांत एक बंगाली दिनदर्शिका निघाली. तिच्या निळ्या वेष्टनावर दोन फिकट तपकिरी डाग होते. भिंगाखाली धरताच एका डागात बोटाच्या रेषा दिसल्या. कलकत्त्याच्या दप्तरात शोध घेतला, तेव्हा तो ठसा कांगाली चरण याच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. हा माणूस मृताचाच जुना नोकर. मालकाच्या घरी चोरी केल्याबद्दल पूर्वी शिक्षा भोगलेला. तो शेकडो मैल दूर बीरभूममध्ये सापडला. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे आहेत, असा दाखला सरकारी रसायनतज्ज्ञाने दिला.

1898 साली खटल्याचा निकाल लागला. असेसरांच्या साहाय्याने चाललेल्या त्या न्यायालयाने चोरी शाबीत धरली आणि खुनाच्या आरोपातून मात्र कांगालीला मुक्त केले! काहींना हा निकाल अर्धवट वाटेल. आम्हांला त्यातच या शास्त्राचे खरे बाळकडू दिसते. रक्ताळलेल्या अंगठ्याने पेटीतल्या कागदाला स्पर्श केला, एवढे तो ठसा निःसंशय सांगत होता. सुरी कोणाच्या हातात होती, हे तो सांगत नव्हता. न्यायालयाने साक्षीदाराकडून त्याला ठाऊक असलेले तेवढेच घेतले.

1899 साली पुराव्याच्या कायद्यात बोटांच्या ठशांना जागा मिळाली. 1901 साली हेन्री लंडनला गेले आणि तेथेही ठशांची कचेरी निघाली. 1905 साली डेप्टफर्ड येथील दुकानदार दांपत्याच्या खुनाबद्दल दोन भावांना फाशी झाली. रोकडपेटीवरचा अंगठ्याचा ठसा त्यांच्याविरुद्ध होता. पण तेथे त्यांना दुकानाजवळ पाहणारे लोकही साक्षीला होते. अंगठा एकटा नव्हता.

अंगठा एकट्यानेच बोलू लागला, किंवा त्याला न विचारताच निकाल ठरला, की काय होते हेही इतिहासाने दाखवले. 1911 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, गुन्हा केलेला असो वा नसो, नोंदलेल्या जमातीतील माणसांचे ठसे घेण्याचा अधिकार दिला. आपल्या सोलापुरात तारांच्या कुंपणाआड या लोकांची वसाहतच होती. तो कायदा 1952 साली रद्द झाला. एकाच माणसाची ओळख पटवणारी खूण अख्ख्या जमातीवर डाग म्हणून मारली गेली. तसेच, 2004 साली माद्रिदच्या आगगाड्यांतील स्फोटांनंतर अमेरिकेच्या तपासखात्याने एका पिशवीवरील ठसा आपल्या देशातील एका वकिलाचा ठरवून त्याला अटकेत ठेवले. तो ठसा दुसऱ्याचाच असल्याचे स्पेनच्या पोलिसांनी दाखवले, आणि खात्याला माफी मागावी लागली. रेषा खोटे बोलत नाहीत हे खरे; पण त्या वाचतो माणूस.

1 जुलै 2024 पासून आपल्या देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक शास्त्रातील तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद त्यांत आहे. ती अमलात आणण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. ही गोष्ट स्वागतार्हच होय. आरोपीला मारहाण करून कबुली काढण्यापेक्षा काचेवरचा ठसा उचलणे केव्हाही सभ्य. पण यंत्रे आली म्हणून आपली जबाबदारी सरत नाही. उद्या आपल्यापैकी कोणाला पंच म्हणून बोलावणे येईल. तेव्हा टाळाटाळ न करता जावे. वस्तू कोठे होती, कोणी उचलली, मोहोर आपल्या डोळ्यांदेखत लागली की नाही, हे पाहावे आणि मगच पंचनाम्यावर सही करावी. प्रयोगशाळेतील तज्ज्ञ कितीही मोठा असो, त्याच्या हाती पोचणारी वस्तू या सहीच्या विश्वासावर पोचते. अंगठ्याची साक्ष खरी ठरायची, तर आधी आपली सही खरी असली पाहिजे.