बखरकाराचा श्रोता

गेल्या उन्हाळ्यात बऱ्हाणपुरास राजपुऱ्यातील एका आप्तांच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला. 1681 साली मराठ्यांनी या शहराची जी लूट केली, तिचे खाफीखानाने दिलेले वर्णन त्या भूमीवर बसून पुन्हा एकवार वाचावे, एवढाच माझा हेतू होता. पण या वाचनास एक अनपेक्षित भाष्यकार मिळाला. आमच्या यजमानांचा चौदा वर्षांचा नातू त्याच खोलीत संगणकावर लढाईचा खेळ खेळत बसे. ‘ड्रॅगन एज 2’ हे त्या खेळाचे नाव. कॅनडातील बायोवेअर या संस्थेने तो 2011 साली प्रसिद्ध केला. अशा खेळांविषयी माझ्या पिढीच्या मनात जो अनादर असतो तो माझ्याही मनात होता. तो त्या चार दिवसांत पुष्कळसा कमी झाला.

या खेळाची मांडणी अशी आहे. वॅरिक नावाचा एक वाचाळ बुटका कैदेत आहे आणि कॅसांड्रा नावाची एक करारी स्त्री त्याची उलटतपासणी घेत आहे. हॉक या वीराचे खरे चरित्र तिला हवे आहे. वॅरिक सांगू लागतो आणि त्याचे सांगणे हाच खेळ होतो. आरंभीच्या लढाईत हॉकच्या एकेका वाराने शत्रूंच्या झुंडी कोसळतात. खेळणाऱ्याच्या बोटांनाही तो विजय किती सोपा आहे हे जाणवते. इतक्यात कॅसांड्रा त्याला थांबवते. हे असे घडले नाही, खरे सांग, असे ती दरडावते. कथा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि आता तोच हॉक साध्या माणसासारखा लढतो. पुढे एका ठिकाणी वॅरिक स्वतःविषयीही अशीच थाप मारतो. भावाच्या वाड्यात आपण एकट्याने शिरून सगळ्यांना लोळविले, असे तो सांगतो. तेथेही श्रोती विश्वास ठेवीत नाही.

हे पाहताना मला सभासदाची आठवण झाली. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या शेवटी जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवचरित्र लिहिले. त्या बखरीची बैठकही हीच आहे. थोरल्या महाराजांनी एवढे पराक्रम कसे केले ते तुम्ही पुरातन सेवक म्हणून लिहा, असे धनी विचारतात आणि सेवक सांगतो. विचारणाऱ्यास उत्तर देणे ही मराठी बखरीची जुनी रीत होय. फरक एवढाच की बखरीतील धनी मध्येच बोलत नाही. आपल्या वडिलांचा पराक्रम ऐकणारा पुत्र आकडा ऐकून सांगणाऱ्याला कशाला थांबवील?

साल्हेरच्या 1672 च्या लढाईचे सभासदाने केलेले वर्णन या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. युद्ध सुरू होताच धुरळा असा उठला की तीन कोसांच्या परिसरात आपला कोण, परका कोण हे दिसेना, असे तो सांगतो. आणि लगेच दुतर्फा दहा हजार माणूस पडले, असेही सांगतो. ज्या धुरळ्यात माणूस दिसत नव्हते, त्यात ती मोजली कोणी? साल्हेरचा विजय मोठा होता याविषयी माझ्या मनात शंका नाही. तथापि ‘दहा हजार’ ही येथे मोजदाद नसून विस्मयाचे एक माप आहे. पानिपताविषयी आपण लाख बांगडी फुटली असे आजही म्हणतो. सैन्याचा हिशेब तपासणारे अभ्यासक लढाऊ मराठी फौज पन्नास हजारांच्या आसपास धरतात. वि. का. राजवाडे यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत पानिपताच्या बखरी मूळ पत्रांसमोर उभ्या केल्या आणि त्यांची जी झडती घेतली, ती आठवावी. बखरीला मध्येच थांबवणारा श्रोता मराठीत त्या दिवशी अवतरला, असे म्हणावयास हरकत नाही. त्याचा सूर काही वेळा गरजेपेक्षा कठोर होता, हेही खरे.

आता बऱ्हाणपुराकडे वळू. संभाजीराजांचा राज्याभिषेक जानेवारी 1681 च्या मध्यास रायगडावर झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मराठी फौज बऱ्हाणपुरावर कोसळली. दख्खनच्या दारातील हे शहर त्या काळी व्यापाराने गबर झाले होते. तटाच्या आत मूळ नगर आणि बाहेर पुरेच पुरे. खाफीखान सांगतो की तटापासून दीड-दोन कोसांवरील बहादुरपूर आणि हसनपुरा आदी आणखी सतरा पुरे लुटून जाळण्यात आले. हल्ला इतका अकस्मात झाला की कोणालाही आपली एक कवडी वाचवता आली नाही. धुराचे लोट आकाशास भिडल्यावर आतल्या लोकांना वार्ता कळली. कित्येक अब्रूदार गृहस्थांनी आपल्या स्त्रियांना स्वतःच्या तलवारीने मारले. तट मात्र मराठ्यांच्या हाती लागला नाही.

हा निवेदक कोण? खाफीखानाचा ‘मुन्तखब-उल्-लुबाब’ हा ग्रंथ महंमदशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे घटनेनंतर सुमारे पन्नास वर्षांनी पुरा झाला. मराठ्यांविषयी त्याची भाषा शिवराळ आहे. मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांच्याविषयी शिवाजीमहाराजांनी पाळलेल्या मर्यादेची त्याने दिलेली ग्वाही मात्र आपण मोठ्या अगत्याने उद्धृत करतो. शत्रूने नाइलाजाने दिलेली साक्ष अधिक मोलाची, हा आपला युक्तिवाद रास्तच आहे. परंतु तोच लेखक बऱ्हाणपुरातील स्त्रियांविषयी लिहू लागला की आपल्याला त्याचा द्वेष आठवतो! एकाच साक्षीदाराला सकाळी सत्यवचनी आणि सायंकाळी थापाड्या ठरविण्याची ही सवय आपल्या कित्येक चरित्रग्रंथांत दिसते. बऱ्हाणपुरात बसून ती अधिकच खटकते, कारण ज्यांचे घर जळाले त्यांचे गाव येथेच आहे.

मग यातले किती खरे मानावे? त्यातील एक तपशील सहज तपासता येतो. खाफीखान या स्वारीच्या अग्रभागी खुद्द संभाजीराजांना उभे करतो. राज्याभिषेकाला पुरता पंधरवडाही झाला नव्हता, आणि रायगड ते बऱ्हाणपूर हे अंतर ध्यानात घेता ते संभवनीय वाटत नाही. मराठी अभ्यासक स्वारीचे नेतृत्व सरनौबत हंबीरराव मोहिते यांच्याकडे देतात. सेनापतीच्या जागी राजा आणला की पराभवाची लाज कमी होते. जिंकणारा जसा पडलेल्यांची संख्या वाढवतो, तसा हरणारा मारणाऱ्याची योग्यता वाढवतो. मराठी फौज वीस हजारांची होती, असे जे सांगितले जाते, तेही मला याच जातीचे वाटते.

त्याहून मनोरंजक प्रकरण खानजहान बहादुराचे. औरंगाबादेहून निघून तीन-चार दिवसांची वाट त्याने एका दिवसरात्रीत तोडली आणि बत्तीस कोसांवरचा फर्दापूरचा घाट गाठला, असे खाफीखान लिहितो. बत्तीस कोस म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर. बाजारबुणग्यांसह चालणाऱ्या मोगली फौजेने हे केले असेल, तर तो पराक्रम लढाईपेक्षा मोठा म्हणावा लागेल! पण पुढच्याच वाक्यात हा वायुवेगी सरदार घाटात चार-पाच प्रहर थांबतो. थांबण्याचे कारण घाट उतरण्याची अडचण हे होते. पण वाईट बोलणारे लोक म्हणतात की संभाजीच्या वकिलाने द्रव्य दिले. नंतर खान एदलाबादेकडे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगराकडे वळला आणि मराठे चोपड्याच्या वाटेने लूट घेऊन साल्हेरास पोहोचले. एकाच परिच्छेदात सरदाराची तारीफ, त्याची सबब आणि त्याच्यावरील आळ! निवेदक येथे खोटे बोलत नाही. तीन माणसांनी आपापल्या सोयीने सांगितलेल्या तीन हकीकती त्याने एका धाग्यात ओवल्या आहेत, आणि गाठी उघड्या राहिल्या आहेत. मला तर या उघड्या गाठींमुळेच त्याचा भरवसा वाटू लागतो.

तिसरा निवेदक म्हणजे स्वतः बऱ्हाणपूरकर. शहरातील प्रतिष्ठितांनी बादशहास अर्ज लिहिला: आमची अब्रू आणि मालमत्ता गेली, यापुढे शुक्रवारची सार्वजनिक नमाज बंद होईल. हा अर्ज म्हणजे आर्जव आणि धमकी यांचे कुशल मिश्रण होय. त्यात दुःख वाढवून सांगितले असणार, कारण ते ज्याच्या कानी घालायचे तो दूर राजपुतान्यात गुंतलेला होता. साध्या आवाजात हाक मारून भागणारे नव्हते. खाफीखानाच्या सांगण्यानुसार औरंगजेबाने खानजहानचे वाढीव मानमरातब काढून घेतले आणि आपण स्वतः दक्षिणेत येत असल्याचे कळविले. नोव्हेंबर 1681 मध्ये तो बऱ्हाणपुरास आला आणि मार्च 1682 मध्ये औरंगाबादेस पोहोचला. मात्र त्याच्या येण्याचे प्रबळ कारण बंडखोर शहाजादा अकबर हे होते. तो त्याच वर्षी संभाजीराजांच्या आश्रयास गेला होता. अर्जाने बादशहा आणला, असे मानणे बऱ्हाणपूरकरांना सुखावणारे असले तरी ते पुरते खरे नाही. सरदाराचे मानमरातब गेले, एवढ्यावरून मात्र पुरे जळाल्याची वार्ता दरबाराने खरी मानली होती, हे निश्चित.

निवेदकाच्या अविश्वसनीयतेचा आपल्याकडील सर्वांत दुःखद नमुना याच वर्षाशी निगडित आहे. 1681 सालीच संभाजीराजांनी बाळाजी आवजी चिटणीस यांना देहान्त शिक्षा दिली. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्यांच्याच वंशातील मल्हार रामराव चिटणिसाने साताऱ्यास बसून संभाजीराजांची बखर लिहिली. तिच्यातील काळ्या रंगाने पुढच्या नाटककारांची आणि कादंबरीकारांची कित्येक दशके सोय केली. वा. सी. बेंद्रे यांनी 1960 साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात त्या रंगाखालची मूळ भिंत दाखविली. चिटणिसाला खोटारडा म्हणण्याचे धाडस मला होत नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली एक हत्या त्याच्या लेखणीत उतरली होती. पण त्याला विचारणारे कोणी नव्हते.

चौथ्या दिवशी मी निघताना त्या मुलाने विचारले, “आजोबा, तुमच्या पुस्तकातल्या लढाईत खरे किती मेले?” आकडा कोणीच लिहून ठेवलेला नाही, असे मी सांगितले, पुरे मात्र अठरा लिहिले आहेत. त्याने खेळ थांबवला आणि राजपुऱ्यापासून आरंभ करून शिकारपुरा, सिंधीपुरा, लोधीपुरा, दाऊदपुरा अशी आपल्याला ठाऊक असलेली नावे तो बोटांवर मोजू लागला. आठ-नऊ झाल्यावर अडला, आणि उरलेली विचारायला आजीकडे गेला.