रानांतून वेदीकडे आलेलें गाणें

आमच्या धर्मग्रामांतील तरुण मंडळी डोंगरावर मुक्कामास निघाली म्हणजे एकाच्या तरी खांद्यावर गिटार असतेच, आणि ती पाहून कोणी ना कोणी वडीलधारे नाक मुरडतातच. ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत त्या उभयतांपुढें जर्मनींतील एक हकीकत ठेवावी असें आम्हांस वाटतें; कारण आज आपण मिस्सेंत एकमुखानें उत्तरें देतों, त्या रीतीचा एक धागा रानांतील शेकोटीपाशीं जाऊन पोहोंचतो.

इ. स. १९०१ मध्यें बर्लिनजवळील श्टेग्लिट्स येथें शाळकरी मुलांच्या भटकंतीची 'वांडरफोगेल', म्हणजे भटका पक्षी, ही संस्था निघाली. पाठीवर पडशी, एकाच भांड्यांत सर्वांचें अन्न, आणि रात्रीं शेतकऱ्याच्या कोठारांत गवतावर निजणें, असा त्यांचा क्रम असे. दिवाणखान्यांतील पियानो रानांत नेतां येत नाहीं. गिटार हलकी, आणि दोनचार सुरावटी साधल्या कीं साथीस पुरे. हान्स ब्रॉयर या त्यांच्यांतील तरुणानें जुनीं लोकगीतें जमवून १९०९ सालीं 'त्सुप्फगायगनहान्झल' हें गीतपुस्तक काढिलें. त्याच्या लाखों प्रती खपल्या. तो स्वतः १९१८ मध्यें महायुद्धांत पडला. पोटीं बाळ घेऊन मरियामाता काट्यांच्या रानांतून चालली आहे, असें एक जुनें गीत आज जर्मनींत आगमनकाळीं गातात, तेंही अशा भटक्या मुलांच्या तोंडूनच देशभर पसरलें.

त्याच सुमारास सायलेशियांतील नायसे (आतां पोलंडांतील निसा) येथें कांहीं धर्मगुरूंनीं कॅथलिक विद्यार्थ्यांची 'क्विकबोर्न' ही चळवळ उभारिली. मद्य व तंबाखू वर्ज्य. भटकंती व गाणें मात्र मुक्त. फादर क्लेमेन्स नॉयमान यांनीं त्यांच्याकरितां 'डेर श्पीलमान' हें गीतपुस्तक केलें. १९१९ सालीं या मंडळींनीं माइन नदीकांठचा रोटेनफेल्स किल्ला विकत घेतला, व पुढील वर्षीं फादर रोमानो ग्वार्दिनी तेथें आले. शेकोटीभोंवतीं वर्तुळ करून गाणारीं हीं मुलें मिस्सेस मात्र मुकाट बसत, कारण उत्तरें वेदीसेवकच देत. ग्वार्दिनींनीं किल्ल्याच्या दालनांत त्यांना वेदीच्या तीन बाजूंस बसविलें व उत्तरें त्यांच्याच मुखीं दिलीं. वर्तुळांत बसण्याची संवय त्यांना आधींच होती!

परंतु शेकोटीचें गाणें कोणाच्याही हातीं जाऊं शकतें, हें येथें लपवून चालणार नाहीं. १९३३ मध्यें हिटलरच्या सरकारनें स्वतंत्र तरुणसंघ मोडून काढिले, आणि तेच तंबू, तीच शेकोटी, पुष्कळशीं तींच गाणीं आपल्या संघटनेंत ओढून घेतलीं. रोटेनफेल्स कांहीं वर्षें तगून राहिला. १९३९ सालीं तोही जप्त झाला, व त्याच वर्षीं ग्वार्दिनींचें बर्लिन येथील अध्यापनपदही गेलें.

युद्धानंतर किल्ला परत मिळाला. भाविकांनीं उपासनेंत सजगपणें भाग घ्यावा, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ मध्यें सर्व ख्रिस्तसभेस सांगितलें, तेव्हां ग्वार्दिनी हयात होते. त्या किल्ल्यांत आजही तरुण प्रवाशांचें वसतिगृह आहे.