खोट्या लेबलचा रानपिंगळा

मी चाळीसगावचा, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. गावी आलो की दुर्बीण घेऊन पाटणादेवीच्या जंगलात जातो. हल्ली पक्षी बघायला बरीच मुलं येतात. फोटो झकास काढतात, पण नोंदीत जागा आणि तारीख अंदाजे टाकतात. त्याने काय बिघडतं? उत्तर आपल्या खानदेशातच आहे.

रानपिंगळा हे छोटं घुबड १८७२ मध्ये ब्लुइट यांना आजच्या छत्तीसगडात मिळालं. पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम ते हेच. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन हे ब्रिटिश अधिकारी खानदेशात होते. जळगाव, धुळे, नंदुरबार तेव्हा एकच जिल्हा. पक्षी मारायचा, कातड्यात कापूस भरायचा, लेबल लावायचं, ही त्या काळची रीत. डेव्हिडसन यांनी शहाद्याच्या बाजूचे रानपिंगळे असेच जमवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला दिसला नाही.

म्हणजे एका माणसाला सोडून. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. लेबलवर लिहिलं होतं: मांडवी, गुजरात, १९१४. लोकांनी विश्वास ठेवला. पुढे सलीम अली आणि डिलन रिप्ली यांनीही या पक्ष्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ जुने नमुने तपासत होत्या. मांडवीचा रानपिंगळा त्यांना खटकला. वरून नव्याने शिवलेला, पण आतली धाटणी डेव्हिडसनची! माइनर्ट्झहागेनने तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरला होता आणि लेबल बदललं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमध्ये एक खोटी रो, आणि सर्च भलतीकडेच.

रासमुसेन यांनी मांडवी वगळली आणि खऱ्या लेबलांवरची गावं धरली. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत आधी पूर्वेकडच्या जागा पालथ्या घातल्या. तिथे काही नाही. मग शहादा. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी निष्पर्ण झाडावर, भर उजेडात रानपिंगळा बसलेला होता. तब्बल ११३ वर्षांनी!

त्यानंतर तो मेळघाटात सापडला, यावलमध्ये आणि ठाण्याजवळच्या तानसातही. आपल्या नेहमीच्या पिंगळ्यासारखाच दिसतो, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात आणि तो दिवसाही शिकार करतो. आज तो संकटग्रस्त आहे. सागाची, मोठ्या ढोलींची जंगलं तुटली की त्याचं घर जातं. कुठलं जंगल वाचवायचं, हे ठरतं नोंदीवरूनच.

डेव्हिडसनचं लेबल शंभर वर्षांनी कामी आलं. तुमच्या मोबाइलमधली नोंदही कधीतरी कोणीतरी उघडेल. खात्री नसेल तर नुसतं 'पिंगळा?' लिहा. प्रश्नचिन्हाने कोणाची वाट चुकत नाही.