उकळत्या दगडापासून पुडीपर्यंत

मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम उतरवण्यासाठी जी पुडी देतात, ती पाण्यात कालवून प्यायली की दाताखाली कचकचते. थर्मोकोल ज्याचा होतो, त्याच पॉलिस्टायरीनची ती राळ आहे. तिचं घराणं मात्र औषधांचं नव्हे. जड पाणी मऊ करणाऱ्यांचं.

कुळाचा मूळपुरुष दगड. 1756 मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेटने एक खनिज तापवलं, तर ते उकळल्यासारखं फसफसलं. ग्रीक शब्द जोडून त्याने नाव ठेवलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत अशी खनिजं खच्चून भरलेली आहेत; सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती डोळे भरून पाहावीत. या दगडांच्या जाळीत एक गुण असतो: जवळचं सोडियम सोडायचं आणि पाण्यातलं कॅल्शियम धरायचं. पाणी मऊ होतं ते या अदलाबदलीमुळे.

1935 मध्ये इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेत अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी हाच गुण कृत्रिम राळेत उतरवला. पुढच्या दशकात अमेरिकेत द'अलेलिओने पॉलिस्टायरीनची राळ केली. मग डॉक्टरांना सुचलं की हीच अदलाबदल आतड्यात घडवावी. राळेने पोटॅशियम धरावं आणि शौचावाटे बाहेर न्यावं. 1958 मध्ये तिला अमेरिकेत परवानगी मिळाली. औषधाचा गुण सिद्ध करण्याची अट तिथल्या कायद्यात आली 1962 मध्ये. म्हणून मोठ्या चाचणीविना ही राळ अर्धशतक वापरात राहिली, हे मला फार खटकतं. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून तिच्यासोबत सॉर्बिटॉल देत; त्या जोडीने काहींच्या आतड्याला इजा झाली आणि 2009 मध्ये ती जोडी टाळण्याचा इशारा निघाला. आपल्याकडे बहुधा मिळते ती सोडियमऐवजी कॅल्शियम देणारी राळ.

2015 मध्ये पॅटिरोमर हे पोटॅशियम धरणारं नवं औषध आलं. 2018 मध्ये मान्यता मिळालेल्या झिर्कोनियम सिलिकेटने तर कुळ पुन्हा दगडाशी नेऊन भिडवलं: झिओलाइटसारखीच जाळी, छिद्रं मात्र पोटॅशियमच्या मापाची.

पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडले, तर पुडीवर विसंबू नका. तिला तास लागतात, तेव्हा रुग्णालयातलं कॅल्शियमचं इंजेक्शनच हवं. आणि राळ सोबतच्या गोळ्याही धरून ठेवते, म्हणून इतर औषधं आणि ही पुडी यांत किमान 3 तासांचं अंतर ठेवा.